अहवालातलं चिनी लोकगीत

आमच्या चीन अभ्यासदौऱ्याचा अहवाल जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रशाळेच्या कपाटात असायला हवा. नसेल तर तो उंदरांनी वाचून संपवला असं समजावं, कारण माणसांपैकी कोणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर ती प्रसिद्ध भिंत, भिंतीवर आम्ही बावीस शिक्षक आणि आमच्या हातात दौऱ्याचा फलक. फलक इतका मोठा की भिंत फक्त डाव्या कोपऱ्यात थोडीशी दिसते.

अहवाल मी लिहिला. त्यात 'शाळाभेट' या प्रकरणात एक वाक्य आहे: 'विद्यार्थ्यांनी पारंपरिक चिनी लोकगीत सादर करून उपस्थितांची मने जिंकली.' अहवालात खोटी वाक्यं पुष्कळ आहेत, पण ती सरकारी पद्धतीची आहेत, त्यांनी कोणाचं वाईट झालं नाही. या एका वाक्याने झालं. ते गीत चिनी नव्हतं आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

तेव्हा मी कळंब तालुक्यात केंद्रप्रमुख होतो. ज्यांना हे पद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिकवणं सुटलेल्या आणि अधिकारी न झालेल्या शिक्षकाला केंद्रप्रमुख म्हणतात. माझ्याकडे चौदा शाळा होत्या. मोटारसायकलवरून शाळेत जायचं, चहा घ्यायचा आणि शेरेबुकात शेरा लिहायचा, हे माझं काम. 'प्रगती समाधानकारक. अधिक प्रयत्नांची गरज आहे.' हा शेरा कोणत्याही शाळेला चालतो. मी तो काही वेळा गाडी बंद न करताही लिहिलेला आहे.

चौदा शाळांपैकी एक बंजारा तांड्यावरची होती. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक्केचाळीस मुलं. तिथल्या मॅडम यवतमाळच्या एका मेकॅनिकची मुलगी. घरात उर्दू, नोकरी मराठी शाळेत आणि समोर बसलेली मुलं गोरबोली बोलणारी. दुसऱ्या कोणी बदलीचा अर्ज केला असता. त्यांनी वर्षभरात मुलांच्या आयांकडून गोरबोली शिकून घेतली आणि पहिलीच्या वर्गात भिंतभर तक्ते लावले, एका बाजूला तांड्यातला शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. मी त्यावर काय शेरा लिहिला ते सांगायची गरज नाही.

शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात त्यांची ओळख दक्षिण चीनमधल्या डोंगराळ भागातल्या एका शिक्षिकेशी झाली. त्या बाईंचंही तेच दुखणं होतं. मुलं घरी एक भाषा बोलणार आणि शाळेत त्यांना दुसरी शिकावी लागणार. शिवाय दोन्हीकडच्या आयाबाया भरतकाम करणाऱ्या. मग दर गुरुवारी सकाळी दोन्ही शाळा मोबाइलवर, एका चिनी ॲपवरून, एकमेकींना भेटू लागल्या. हे काम सरकारी आदेशाशिवाय चाललं होतं, त्यामुळे ते चांगलं चाललं होतं.

पुढे एका शैक्षणिक संस्थेने शिक्षकांचा अभ्यासदौरा काढायचं ठरवलं. विषय चिनी संस्कृती. यादीत मॅडमचं नाव होतं, आणि त्यांच्यामुळेच ती डोंगरातली शाळा कार्यक्रमात घेतली होती. प्रतीक्षायादीत पहिलं नाव माझं होतं. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. चीनमध्ये जे काही शिकेन ते मी घरच्या अंगणातल्या कुंड्यांना शिकवणार होतो हे निवड समितीच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी ते आणूनही दिलं नाही. मला जायचंच होतं. माझा साडू दुबईला जाऊन आला होता आणि घरातल्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक तेरवीला तो विमानाच्या खिडकीतून ढग खालून कसे दिसतात, म्हणजे वरून कसे दिसतात, ते सांगायचा. एवढंच कारण होतं. मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

यादी नक्की व्हायच्या आधीच्या एका गुरुवारी मी तांड्यावर गेलो. गुरुवार निवडून गेलो, हेही इथे लिहून ठेवतो. शाळेच्या दोन्ही खोल्यांना कुलूप. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला. पोषण आहार शिजवणाऱ्या बाई चुलीपाशी होत्या. त्यांनी खुर्ची आणून दिली.

"बसा न साहेब. म्याडम लेकराईले घेऊन टेकडीवर गेल्या. तिथं रेंज येते. आता येतीनच खाली."

मी वर पाहिलं. टेकडी काही हिमालय नव्हे, शाळेमागचा खडकाळ उंचवटा. वर निळ्या गणवेशातली मुलं दाटीने बसली होती आणि मध्ये मॅडम हात उंच करून फोन धरून उभ्या होत्या. स्पष्ट दिसत होतं. माझा चष्मा नवीन होता.

मी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं: 'आज रोजी सकाळी ११ वा. १० मि. शाळेस भेट दिली असता दोन्ही वर्गखोल्या कुलूपबंद आढळल्या. शिक्षिका व विद्यार्थी शाळेत उपस्थित नव्हते. बाब गंभीर आहे.' यातला एकही शब्द खोटा नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो, की खऱ्या शब्दांनी खोटं कसं लिहावं.

तेवढ्यात त्या बाईंनी ताटलीत खिचडी आणली. नियमच आहे, भेट देणाऱ्याने आहार चाखायचा आणि चव रजिस्टरवर सही करायची. खिचडी गरम होती, वरून कोथिंबीर होती. मी खाल्ली, सवयीप्रमाणे रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: 'चव उत्तम. लाभार्थी विद्यार्थी ४१.' खाली सही. वेळ, ११ वाजून २५ मिनिटे. म्हणजे एकाच पेनाने, पंधरा मिनिटांच्या अंतराने, मी शाळा बंद असल्याचं आणि तिथली एक्केचाळीस मुलं जेवत असल्याचं प्रमाणित केलं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते विमानात, ढगांच्या वर, साडूने सांगितलं होतं अगदी तसेच ढग बघताना.

मॅडमना कारणे दाखवा नोटीस गेली. चौकशी सुरू असलेल्या शिक्षकाला परदेशी पाठवता येत नाही, म्हणून त्यांचं नाव गळलं आणि माझं वर सरकलं. नोटिशीनंतर टेकडीवरचे गुरुवारही थांबले, त्यामुळे हे तिकडच्या शाळेला कळलंच नाही. त्यांनी खुलासा दिला, सोबत चव रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. ऑफिसने खुलासा वाचला, मान्य केला आणि 'यापुढे काळजी घ्यावी' अशी समज देऊन प्रकरण बंद केलं. समज कोणाला दिली? त्यांनाच. तोवर माझा व्हिसा आला होता.

आता चिनी संस्कृतीविषयी. आम्ही तिचा अकरा दिवस अभ्यास केला, त्यातले चार बसमध्ये गेले. प्रत्येकाच्या बॅगेत ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या होत्या, त्यामुळे चिनी आहाराबद्दल आमची मतं पक्की राहिली. तिथे जिकडेतिकडे गरम पाणी प्यायला देतात. आम्ही उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशात राहणारी माणसं, पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं की पाहुण्यांचा अपमान चालला आहे. चहाच्या विधीत बोटाएवढ्या कपातून चहा देतात. पहिलं पाणी कप धुवायचं असतं, ते आमच्यातल्या तिघांनी पिऊन वा वा म्हटलं. भिंत चढल्यावर एका गुरुजींनी मला गंभीरपणे विचारलं, "सर, हिची देखभाल जिल्हा परिषद पाहत असन का बांधकाम विभाग?" मी अहवालात लिहिलं: 'सदस्यांनी भिंतीच्या प्रशासकीय बाजूबाबतही जिज्ञासा दाखवली.'

शहरातल्या एका शाळेत मुलं जेवणानंतर बाकावर डोकं ठेवून अर्धा तास झोपतात, तसा तिथे नियमच आहे. आमच्यातले एक जण म्हणाले, यात नवीन काय, आपल्याकडे फक्त गुरुजी झोपतात. तिथली मुलं स्वतःचा वर्ग झाडतात. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले आणि 'श्रमप्रतिष्ठा' असं लिहून आपापल्या गटांवर टाकले. गावाकडे मुलांच्या हाती झाडू दिसला की तक्रार येते, आणि तिची चौकशी करायला मीच जायचो.

आमची दुभाषी एक तरुण मुलगी होती, विद्यापीठात हिंदी शिकलेली. तिचं हिंदी इतकं शुद्ध की आमचं यवतमाळी हिंदी ऐकून ती रोज थोडी दुःखी व्हायची.

आठव्या दिवशी आम्ही त्या डोंगरातल्या शाळेत पोचलो. ती आमच्याच शाळांसारखी होती. दोन मजले, सिमेंटचं अंगण, कडेला भाज्यांचे वाफे. दारातल्या फळ्यावर रंगीत कागदांच्या नक्ष्या लावल्या होत्या आणि मधोमध एक फोटो होता. फोनवरून छापलेला, धूसर. टेकडीवर उभ्या असलेल्या मॅडम.

त्या शाळेतल्या शिक्षिका तिशीच्या असतील. आमच्या बावीस जणांच्या रांगेवरून त्यांची नजर एकदा गेली, मग पुन्हा पहिल्यापासून गेली. दौऱ्यात सर्वांत वडील मी, म्हणून आपोआप प्रमुख. दुभाषीने मला विचारलं की त्या मॅडम कुठे आहेत.

आजारी आहेत असं म्हणता आलं असतं. पण आजारी म्हटलं की विचारपूस होते, फोन जातात, आणि फोनवर खरं कळतं. पुढचे सगळे प्रश्न बंद होतील असं काहीतरी मला हवं होतं.

मी म्हणालो, "उनको आना नहीं था. अब उनको इसमें रस नहीं है."

दुभाषीने लगेच भाषांतर केलं नाही. तिने मला विचारलं, "वे आ नहीं सकीं, या आना नहीं चाहती थीं?"

तिने चांगुलपणाने दार उघडून दिलं होतं. दोन्हींतला फरक तिला कळत होता आणि मलाही कळत होता.

"आना नहीं चाहती थीं," मी म्हणालो.

तिने ते चिनीत सांगितलं. शिक्षिकेने मान हलवली. समोरच्या टेबलावर कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं, ते तिने उचलून कपाटात ठेवलं आणि आम्हाला बसायला सांगितलं. सगळं फार सभ्यपणे झालं.

मग मुलांनी गाणं म्हटलं. पंधरा-वीस मुली, हातात हात धरून. संथ, एका ओळीवर परत परत येणारं. आम्ही तालावर माना डोलावल्या, काहींनी व्हिडिओ काढला. माझ्या शेजारी नेरकडचे एक गुरुजी बसले होते, बंजारा समाजातले. त्यांची मान डोलत नव्हती. गाणं संपल्यावर टाळ्यांच्या आवाजात ते माझ्या कानाशी वाकले.

"सर, हे आमचं हाय. माह्यी याडी जात्यावर म्हणे हे."

याडी म्हणजे आई. त्या मुली गोरबोलीत गात होत्या. गाणं तिथे कसं पोचलं ते मला लगेच उमगलं: तांड्यावरच्या पोरांनी दर गुरुवारी टेकडीवरून एकेक ओळ शिकवली होती, मॅडम येतील तेव्हा त्यांना ऐकवायला. विदर्भातले बावीस शिक्षक हजारो मैल लांब जाऊन आपल्याच जिल्ह्यातलं गाणं ऐकत होते आणि त्यातल्या एकवीस जणांनी ते चिनी समजून त्यावर टाळ्या वाजवल्या. अभ्यासदौरा यशस्वी झाला, असं म्हणायला हरकत नाही.

मी त्या गुरुजींना म्हणालो की चाली सगळीकडे सारख्याच असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परतल्यावर मी अहवालात ते वाक्य लिहिलं. गाणं कुठून आलं हे लिहिलं असतं तर ते कोणासाठी होतं हेही लिहावं लागलं असतं.

त्यानंतर त्या शाळेकडून गुरुवारचा फोन आला नाही. मॅडमनी दोन-तीनदा लावला, तिकडून कोणी उचलला नाही. पुढे ते चिनी ॲपच आपल्या देशात बंद झालं. मी निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि 'आंतरराष्ट्रीय अनुभव असलेलं व्यक्तिमत्त्व' असा माझा गौरव झाला. साडू समोरच बसला होता. त्या क्षणी मला आनंद झाला होता, तेही लपवत नाही.

गेल्या वर्षी कळंबला एका लग्नात ते नेरचे गुरुजी भेटले. सोबत त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती. त्यांनी हसत माझी ओळख करून दिली.

"हेच ते सर, ज्याईनं आपल्या आजीचं गाणं चीनले देऊन टाकलं."

मुलगी हसली, तेही हसले, मीही हसलो. मग ते जेवायला गेले. मी त्या मंडपात बराच वेळ ताट हातात धरून उभा राहिलो आणि शेवटी न जेवताच बस धरली.

यंदा दिवाळीनंतर मी मारेगावला गेलो. मॅडमची बदली त्या बाजूच्या एका शाळेत झाली आहे. मधली सुट्टी होती, त्या वह्या तपासत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. निवृत्त केंद्रप्रमुख अचानक आला की बहुधा मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतो, त्यामुळे त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

मी शेऱ्याचं सांगितलं. मुलं टेकडीवर आहेत हे मला बाईंनी सांगितलं होतं आणि ती मला दिसलीही होती, असं स्पष्ट सांगितलं. यासाठी मी महिनाभर शब्द जुळवले होते.

त्यांनी वहीवर टिक केली. "माहीत आहे सर. टेकडीवरून तुमची गाडी दिसत होती. पोरांनी तुम्हाला हात केले होते, तुम्ही पाहून राह्यलते."

म्हणजे महिनाभर जुळवलेली माझी कबुली त्यांच्याकडे सात वर्षांपासून जमा होती. मी थोडा हिरमुसलो, हे कबूल करायला लाज वाटते. मग मी दुसरं सांगितलं. फळ्यावरचा फोटो, त्या शिक्षिकेचा प्रश्न, दुभाषीचा प्रश्न आणि माझं उत्तर. शेवटी गाण्याचं.

यावेळी टिक झाली नाही. पेन वहीवर टेकलेलं राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"मी म्हटलं असं? की मले यायचं नव्हतं?"

"मी म्हटलं. तुमच्या नावाने."

त्यांनी पेन उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या की त्या वर्षी त्यांनी सगळे जुने संदेश पुन्हापुन्हा वाचून काढले होते, आपण कुठे काही वावगं लिहिलं का ते शोधायला. मुलांनाही विचारलं होतं, कोणी फोनवर काही चिडवलं का, वेडंवाकडं तोंड केलं का. दोन मुलांनी केलं होतं. त्यांना त्या रागावल्या होत्या.

हे मी अहवालात कुठल्या मुद्द्याखाली घेतलं असतं, मला सांगता येत नाही.

त्यांनी फोन काढला. ॲप गेलं असलं तरी त्या शिक्षिकेचा ईमेलचा पत्ता त्यांच्याकडे होता. "तुम्ही सांगा, मी टाइप करते," त्या म्हणाल्या. "मराठीतच सांगा. भाषांतर फोनच करून देईल."

मी खाकरलो आणि सुरुवात केली, "सदर दौऱ्यादरम्यान माझ्याकडून अनवधानाने..."

त्यांनी बोट थांबवलं. "अनवधानानं?"

मी तो शब्द काढायला सांगितला.

"सर, हे काही ऑफिसला नाही चाललं. तिला कळलं पाहिजे. लहान लहान वाक्यं बोला."

एवढी वर्षं कागद लिहिलेल्या माणसाला तीन वाक्यांसाठी दहा मिनिटं लागली. मी तुमच्याशी खोटं बोललो. मॅडमना तुमच्याकडे यायचं होतं. त्यांच्याबद्दल खोटी नोंद करून मी त्यांच्या जागी आलो होतो. त्यांनी ती एकदा वाचून दाखवली आणि विचारलं की खाली केंद्रप्रमुख टाकू की नुसतं नाव. मी म्हटलं नुसतं नाव. त्यांनी पाठवून दिलं.

मी माफीचा शब्द काढणार एवढ्यात घंटा झाली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, वर्गाकडे जायला निघाल्या आणि दारातून परत आल्या. वहीच्या मागच्या पानावर उभ्याउभ्याच त्यांनी काहीतरी लिहिलं आणि ते पान फाडून माझ्या हातात दिलं. टेकडीवरच्या गटातल्या मोठ्या मुलांची नावं होती, एकोणीस.

"यांना पण सांगा," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर मी स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल."

ती मुलं आता तांड्यावर सगळी नाहीत. काही पुसदला, काही यवतमाळला, एक पुण्याला कंपनीत लागला आहे, त्याला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि आपल्याला शिफ्ट आहे म्हणून ठेवून दिला. एका मुलाने विचारलं की हे सांगायला तुम्ही खास आले का, आणि हो म्हटल्यावर त्याला ते खरं वाटलं नाही. कळंबच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी मात्र बसस्टँडवर माझ्या समोर थांबून सगळं ऐकून घेत होती. मी बोलायचं थांबल्यावर तिने एकच विचारलं.

"म्हणजे त्या पोरी आमच्यावर रुसल्या नोहत्या?"

नव्हत्या, असं मी म्हणालो. ती बसमध्ये चढली.

मेलचं उत्तर आलं की नाही ते मी मॅडमना विचारलेलं नाही. आलं असेल तर ते त्यांचं आहे. माझ्या कागदावर अकरा नावांवर खुणा झाल्या आहेत. उरलेल्या आठ जणांपैकी तिघं आईबापांसोबत ऊसतोडीला गेली आहेत, होळीच्या सुमारास परततील असं तांड्यावर कळलं. तेव्हा पुन्हा जाईन.